यंत्र धडधाकट, ड्रायव्हर कालबाह्य

दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी एक संगणक असतो आणि त्याला बारीक केबलने जोडलेली, बिस्किटाच्या तुकड्याएवढी एक पट्टी. दाताचा एक्स-रे काढताना ती तोंडात धरायला लावतात आणि काही सेकंदांत दाताचे मूळ पडद्यावर दिसते. दवाखान्यांत या सेन्सरला ‘आरव्हीजी’ म्हणतात. समजा, जुना संगणक फारच मंदावला म्हणून डॉक्टरांनी विंडोज ११ असलेला नवाकोरा संगणक आणला. सेन्सरची केबल लावली, संगणकाने ‘टिंग’ असा आवाजही केला, पण एक्स-रे काही दिसेना. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडला, तर सेन्सरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. सेन्सर बिघडलेला नाही, केबल तुटलेली नाही, संगणक तर कालच आलेला. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर ठरलेले. ‘या मॉडेलचा विंडोज ११ साठी ड्रायव्हर नाही, डॉक्टर. नवा सेन्सर घ्यावा लागेल.’

हा प्रसंग नमुन्यादाखल रचला आहे, पण त्यातली एकही गोष्ट नवलाची नाही. ईसीजी यंत्र, दम्याच्या रुग्णाने फुंकायचे स्पायरोमीटर, श्रवणयंत्र रुग्णाच्या कानाप्रमाणे जुळवून देणारे उपकरण, प्रयोगशाळेतील रक्ततपासणीचे यंत्र, नमुन्यांच्या नळ्यांवरचे बारकोड छापणारा प्रिंटर, अशी अनेक उपकरणे यूएसबीने साध्या संगणकाला जोडलेली असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या थांबवल्या. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात, तर संस्थांना पैसे मोजून जास्तीत जास्त तीन वर्षे. त्यामुळे संगणक बदलण्याची वेळ अनेक ठिकाणी आली आहे किंवा दाराशी येऊन उभी आहे. संगणक बदलल्यावरच लक्षात येते की, त्याला जोडलेल्या यंत्राचे आयुष्य यंत्राच्या मजबुतीवर ठरतच नव्हते. ते एका छोट्याशा फाइलवर ठरत होते. ती फाइल म्हणजे ड्रायव्हर.

दुभाष्याशिवाय संवाद नाही

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि उपकरण यांच्यातला दुभाषा. यूएसबी उपकरण जोडले की संगणक आधी त्याची ओळख विचारतो. उपकरण आपल्या चिपमधून उत्तर देते. त्यात उत्पादकाचा क्रमांक असतो, मॉडेलचा क्रमांक असतो आणि आपण कोणत्या ‘वर्गा’तले हेही सांगितलेले असते. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह, वेबकॅम, माइक यांचे वर्ग ठरलेले आहेत आणि त्यांची भाषा सर्वांना खुली आहे. त्यामुळे त्यांचे दुभाषे ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीच बसवलेले असतात. पंधरा वर्षांचा जुना माउस नव्या संगणकावर क्षणात चालतो तो यामुळेच.

उपकरणाने या वर्गांऐवजी स्वतःची खासगी भाषा वापरली, तर तिचा दुभाषा उत्पादकालाच पुरवावा लागतो. तो मिळाला नाही, तर दारात पाहुणा उभा आहे एवढे संगणकाला कळते, पण तो काय बोलतो ते कळत नाही. ‘टिंग’ आवाजाचा अर्थ तेवढाच.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. तिच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेले इंटेलचे अभियंता अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. प्रिंटरची खाच वेगळी, माउसची वेगळी, मोडेमची वेगळी हा गोंधळ संपवणे हा मूळ हेतू होता आणि तो साधलाही. पण खाच एक झाली म्हणून भाषा एक झाली नाही. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक सुरू होते. सहकाऱ्याने स्कॅनर यूएसबीला जोडला आणि भरसभेत पडदा निळा झाला, संगणक कोलमडला. त्यानंतर तंत्र खूप सुधारले, पण स्कॅनर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातले ते नाजूक नाते अजून पूर्ण सुटलेले नाही.

आरोग्याचा वर्ग होता, पण…

ही अडचण आरोग्यक्षेत्रात येणार, हे यूएसबीचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने ओळखले होते. २००७ मध्ये तिने रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, वजनकाटा अशा वैयक्तिक आरोग्य-उपकरणांसाठी स्वतंत्र वर्ग जाहीर केला. कल्पना साधी होती. माउसप्रमाणेच कोणत्याही कंपनीचे ग्लुकोमीटर कोणत्याही संगणकाला जोडावे आणि ते चालावे. मात्र विंडोजमध्ये या वर्गासाठी अंगभूत ड्रायव्हर आला नाही. उत्पादकांनाही त्याची घाई नव्हती. स्वतःची भाषा, स्वतःचे सॉफ्टवेअर आणि स्वतःचा ड्रायव्हर असला, की ग्राहक सहजी दुसरीकडे जात नाही.

प्रयोगशाळांतील जुन्या यंत्रांची कथा थोडी वेगळी आहे. ती यूएसबीच्या आधीच्या ‘सीरिअल पोर्ट’ची भाषा बोलतात. नव्या संगणकांना ते पोर्ट नसते, म्हणून मध्ये काहीशे रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर लावतात. या कन्व्हर्टरमधल्या चिपलाही ड्रायव्हर लागतो. प्रोलिफिक या तैवानी कंपनीच्या अशा चिप जगभर पसरल्या आणि त्यांच्या नकलाही. कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून जुन्या चिपचा आधारच काढून घेतला. आज तसा कन्व्हर्टर विंडोज ११ ला जोडला, तर उपकरणाच्या नावाच्या जागी चक्क सूचना दिसते की, ही चिप २०१२ पासून बंद आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीने २०१४ मध्ये याहून कडक पाऊल उचलले. विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिप सापडताच तिचा ओळख-क्रमांकच शून्य करून टाकत असे. टीका झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. नकलांविरुद्ध कंपन्यांची तक्रार रास्त होती. पण कन्व्हर्टरच्या आत कोणती चिप आहे, हे विकत घेणाऱ्याला कसे कळावे?

ड्रायव्हर कशाने बाद होतो?

कारणे मुख्यतः तीन. पहिले ३२ आणि ६४ बिटचे. विंडोज १० दोन्ही प्रकारांत मिळत असे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे. ३२ बिटची साधी सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर चालतात, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. त्यामुळे एक्स-रेचे सॉफ्टवेअर व्यवस्थित उघडते, जुन्या रुग्णांच्या प्रतिमाही दिसतात, फक्त सेन्सर ‘सापडत नाही’. ज्यांना हे माहीत नाही, ते दोन दिवस केबल बदलत बसतात.

दुसरे कारण सहीचे. ६४ बिट विंडोजमध्ये व्हिस्टापासूनच ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. २०१६ पासून नव्या ड्रायव्हरसाठी ती मायक्रोसॉफ्टकडून घेणे सक्तीचे झाले. उत्पादक कंपनी बंद पडली, विकली गेली किंवा तिने ते मॉडेल सोडून दिले, तर नव्या सहीसाठी अर्ज करणारेच कोणी उरत नाही.

तिसरे कारण ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाच्या संरक्षणाचे. अनेक नव्या संगणकांवर ते सुरुवातीपासून चालू असते आणि आपल्या नियमांत न बसणारा ड्रायव्हर ते आत येऊच देत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. विंडोज १० च्या ६४ बिट आवृत्तीवर चालणारा, रीतसर सही असलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा विंडोज ११ वरही चालतो. त्यामुळे घाबरून सगळी यंत्रे भंगारात काढण्याचे कारण नाही. आधी तपासावे, मगच निर्णय घ्यावा.

पहारा इतका कडक का?

ही सारी बंधने नवे यंत्र खपवण्यासाठीच आहेत, असा संशय येणे स्वाभाविक आहे. पण त्यामागे ठोस कारण आहे. पुष्कळसे ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये चालतात. साधे सॉफ्टवेअर चुकले तर ते एकटे बंद पडते. कर्नलमधला ड्रायव्हर चुकला, तर अख्खा संगणक कोसळतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण ती फाइल वाचणारा कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालत होता.

चूक एकवेळ परवडली. हेतुपुरस्सर केलेला हल्ला त्याहून घातक. इराणच्या अणुप्रकल्पाला लक्ष्य करणारा आणि २०१० मध्ये उघड झालेला ‘स्टक्सनेट’ पेनड्राइव्हमधून पसरू शकत होता आणि त्याच्या ड्रायव्हरवर नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. जुना, कोणी न वापरणारा ड्रायव्हरही धोक्याचा ठरतो. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे अंगभूत असलेल्या एका फॅक्स-मोडेमच्या ड्रायव्हरमधील पळवाटेचा हल्लेखोर वापर करत असल्याचे आढळले. मोडेम जोडलेला नसला तरी धोका होताच. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर दुरुस्त करण्याऐवजी काढूनच टाकला. त्यावर चालणारे मोडेम त्या दिवसापासून निरुपयोगी झाले.

प्रिंटरबाबत कंपनीने हीच दिशा आधी जाहीर केली होती. उत्पादकांचे स्वतंत्र प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवायचे आणि सर्वांनी एका समान भाषेत बोलायचे, असे तिने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले. दिशा योग्यच आहे, पण वाट खड्ड्यांची आहे. जानेवारी २०२५ च्या एका अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप निरर्थक मजकूर छापू लागले. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने तर विंडोजच्या दुरुस्ती-पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउसच बंद पाडले. संगणक दुरुस्त करायला गेलेल्या माणसाच्या हातातली हत्यारेच काढून घेण्याचा तो प्रकार होता. सहाच दिवसांत तातडीची दुरुस्ती आली, हे खरे. पण अंगभूत ड्रायव्हर असलेल्या माउसची ही गत, तर एखाद्या छोट्या कंपनीच्या आठ वर्षांपूर्वीच्या सेन्सरचे काय?

इकडे आड, तिकडे विहीर

मग दवाखाना काय करतो? नवा ड्रायव्हर नाही, नव्या यंत्रासाठी पैसे नाहीत, तर जुना संगणक तसाच चालू ठेवतो. यंत्र चालते, रुग्णांची कामे होतात. धोका दिसत नाही आणि म्हणूनच तो मोठा असतो.

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला याची किंमत मोजावी लागली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार, इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्थांच्या कामकाजावर परिणाम झाला आणि सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज होता. तपासणीची १,२२० यंत्रे बाधित झाली. आणखी काही यंत्रे खबरदारी म्हणून नेटवर्कपासून तोडावी लागली. पळवाट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ती वेळेत बसवली गेली नव्हती, कारण रुग्णालयात ‘अपडेट’चे बटण दाबणे तितके सोपे नसते. अपडेटनंतर स्कॅनिंगचे यंत्र चालेल का, याची हमी आधी कोणीतरी द्यावी लागते.

मोठ्या रुग्णालयाकडे त्यासाठी माणसे असतात, देखभालीचे करार असतात. तालुक्याच्या गावातील एकट्या डॉक्टरचा दवाखाना किंवा दोन खोल्यांची पॅथॉलॉजी लॅब यांच्याकडे असतो तो ओळखीचा संगणक-दुरुस्तीवाला. तो मदत करतो, पण कधी कधी सहीची तपासणीच बंद करून ठेवतो, नाहीतर कुठल्यातरी संकेतस्थळावरून अनोळखी ड्रायव्हर उतरवून बसवतो. सेन्सर चालू होतो आणि त्याच दारातून काय आत आले, हे कोणालाच कळत नाही. त्या संगणकावर रुग्णांची नावे, आजार आणि अहवाल असतात.

वयाचा हिशेब कोणी करायचा?

प्रश्नाचे मूळ दोन वयांच्या फरकात आहे. विंडोज ७ दहा-साडेदहा वर्षे जगले, विंडोज १० साधारण तेवढेच. चांगले वैद्यकीय यंत्र तेवढे किंवा त्याहून अधिक टिकते, पण ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या जन्मदिवशी विकत घेतलेले नसते. २०१८ मध्ये विंडोज १० च्या ३२ बिट ड्रायव्हरसह घेतलेले यंत्र सात वर्षांचे होताच त्याच्या पायाखालची जमीन सरकली. खरेदीच्या वेळी वॉरंटी किती, सर्व्हिस कोण देणार, सुटे भाग मिळतील का, हे सगळे विचारले जाते. ‘ड्रायव्हर किती वर्षे देणार?’ हे मात्र कोणी विचारत नाही आणि विक्रेता आपणहून सांगत नाही.

कायदे हळूहळू इकडे वळत आहेत. अमेरिकेत मार्च २०२३ पासून नेटवर्कशी जोडल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणाच्या मंजुरीसाठी, विक्रीनंतर सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटी कशा बुजवणार याची योजना आणि आत वापरलेल्या सॉफ्टवेअर घटकांची यादी द्यावी लागते. युरोपीय संघाच्या ‘सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्ट’मधील मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यानुसार डिजिटल वस्तूंना साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-आधार द्यावा लागेल. वैद्यकीय उपकरणांचे नियम स्वतंत्र असल्याने ती त्यातून वगळली आहेत.

भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरणे नियम आहेत आणि एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरसह सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे घेतली. दुरुस्तीचा हक्क म्हणजे स्क्रू आणि सुटे भाग मिळण्याचा हक्क, असे आपण अजून समजतो. सुटा भाग नसल्याने यंत्र बंद पडणे आणि ड्रायव्हर नसल्याने यंत्र बंद पडणे यांत ग्राहकाच्या दृष्टीने काय फरक आहे? औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते. दवाखान्यातील यंत्राबरोबरही त्याचा ड्रायव्हर कोणत्या वर्षापर्यंत मिळेल हे लेखी असायला हवे. मुदत संपल्यावर कंपनीला तो सांभाळायचा नसेल, तर उपकरणाची भाषा तरी तिने जाहीर करावी, म्हणजे दुसऱ्या कोणाला दुभाषा लिहिता येईल. लिनक्समध्ये कितीतरी जुने प्रिंटर आणि स्कॅनर आजही चालतात, ते अशा खुल्या ड्रायव्हरमुळेच.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ‘विनयूएसबी’ नावाचा मायक्रोसॉफ्टचाच एक सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. उपकरणाने जोडताक्षणी योग्य ती ओळख सांगितली, तर विंडोज ८ पासून तो आपोआप लागू होतो आणि उत्पादकाला कर्नलमध्ये चालणारा स्वतःचा ड्रायव्हर लिहावा लागत नाही. ही सोय वापरायची की आपली खासगी कुलपे लावायची, हा उत्पादकाचा निर्णय असतो. त्या निर्णयाचा खर्च मात्र दवाखान्याच्या खात्यात आणि शेवटी रुग्णाच्या बिलात जातो.

तोवर काय करावे?

संगणक बदलण्याआधी त्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचे मॉडेल लिहून काढावे आणि विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का, हे उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे किंवा लेखी विचारावे. चालू असलेल्या ड्रायव्हरची आणि सेन्सरसोबत आलेल्या कॅलिब्रेशन फाइलची प्रत जपून ठेवावी. मूळ सीडी हरवली की ती कंपनीकडे मिळेलच असे नाही. शक्य असेल तर नव्या संगणकावर यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहावे आणि मगच जुना संगणक हलवावा.

ड्रायव्हर नसेल आणि यंत्र टाकवत नसेल, तर जुना संगणक फक्त त्या यंत्रापुरता ठेवावा. त्याचे इंटरनेट आणि वाय-फाय बंद करावे, ईमेल, बिले आणि पेनड्राइव्हची ये-जा दुसऱ्या संगणकावर न्यावी. रुग्णांच्या प्रतिमा ‘डायकॉम’सारख्या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढून त्यांचा बॅकअप घ्यावा, म्हणजे उद्या यंत्र गेले तरी नोंदी जाणार नाहीत. ड्रायव्हर-सहीची तपासणी किंवा मेमरी इंटिग्रिटी कायमची बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

आणि पुढचे यंत्र घेताना कोटेशनमध्ये एक ओळ वाढवून घ्यावी. या उपकरणाचा ड्रायव्हर कोणकोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आणि कोणत्या वर्षापर्यंत दिला जाईल? विक्रेता ती ओळ लिहून द्यायला तयार नसेल, तर यंत्राची खरी किंमत अजून आपल्याला सांगितलेलीच नाही, असे समजावे.